वसईची चव, वसईचे पाणी



वैशाखातल्या संध्याकाळी सभामंडपात बसलेल्या माणसापुढे जेवणाची गोष्ट काढणे हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे. कारण व्याख्यान संपून घरी पोचेपर्यंत त्याच्या पुढ्यात पान येणार नाही. शिवाय इतिहास, अर्थकारण, वेदान्त अशा जड विषयांच्या पंक्तीत खाण्यापिण्याचा विषय बसवताना वक्त्यालाही संकोच वाटतो. पण माणूस काय खातो, ते कुठून येते आणि कोण पिकवतो, हा प्रश्न इतिहासाचाही आहे आणि अर्थकारणाचाही आहे. म्हणून तुमची क्षमा मागून मी आज तुम्हांला दोन दिवसांच्या एका सहलीला घेऊन जाणार आहे. ही सहल केवळ जेवण्यासाठी आहे.

परदेशात अशा सहलींची रीत आहे. फ्रान्स, इटली किंवा अमेरिकेचा दक्षिण भाग घ्या. शहरातली माणसे सुट्टीत लहानशा गावी जातात, तिथल्या चार टेबलांच्या खाणावळीत गावचा पदार्थ खातात आणि शेजारच्या मळ्यातली वाईन चाखतात. आपल्याकडे मनुष्य हवा पालटायला गावाला जातो, देवदर्शनाला जातो, लग्नाला जातो. पण निव्वळ जेवायला म्हणून सहसा जात नाही. जेवण हे वाटेत उरकण्याचे काम, अशीच आपली समजूत. मला सुचवायचे आहे ते असे की, मुंबईच्या उंबरठ्यावर वसई-विरारपासून बोर्डीपर्यंत जो पट्टा पसरला आहे, तिथे अशी सहल उत्तम होऊ शकते. मात्र त्या वाटेवर एक प्रश्न उभा आहे. तो मी शेवटी मांडणार आहे. कारण तो आधी सांगितला तर तुमच्या तोंडची चव जाईल.

गाडी उलट फिरली

वसई आणि मुंबई यांचे नाते मुळातच अन्नाचे आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी धावली. तेव्हापासून वसईची वाडी रोज सकाळी गाडीत बसून मुंबईला जाऊ लागली. केळीचे घड, विड्याची पाने, वांगी, वाल, मोगरा, सोनचाफा आणि दूध. दादर, पार्ले, अंधेरी, वांद्रे इथल्या बाजारांत टोपली घेऊन बसणारी वसईची मावशी मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीची आहे. वसईच्या पट्ट्यातले विड्याचे पान तर पाकिस्तानापर्यंत जात असे. मुंबईच्या पोटात गेलेले हे अन्न कुठल्या विहिरीच्या पाण्यावर वाढले, याची चौकशी मुंबईकराने फारशी केली नाही. घेणाऱ्याला गरज नव्हती, देणाऱ्याला वेळ नव्हता.

आता गाडी उलट फिरली आहे. रविवारी मुंबईची माणसे वसईकडे येतात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत वाढली, तेव्हापासून पुढची वाटही सोपी झाली. म्हणून पहिला दिवस वसई-आगाशीचा आणि दुसरा दिवस डहाणू-बोर्डीचा, असा बेत आपण धरू.

पाव, मिरची आणि शिरका

वसईला उतरल्यावर मनुष्य प्रथम किल्ला पाहायला जातो. जरूर पाहावा. पण तो पाहताना केवळ तटबंदी मोजू नये. आपल्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या जिनसा या दारातून आत आल्या, हेही आठवावे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. म्हणजे दोनशे वर्षांहून थोडा अधिक काळ हा प्रदेश अशा लोकांच्या ताब्यात होता, ज्यांची जहाजे एका बाजूला ब्राझीलला आणि दुसऱ्या बाजूला मलाक्काला लागत. मिरची, अननस, पपई, पेरू, काजू ही सारी अमेरिका खंडाची प्रजा. पोर्तुगिजांच्या व्यापारानेच ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. मिरचीवाचून मराठी स्वयंपाकाची आज कल्पना करता येत नाही. पण ज्ञानेश्वरांच्या काळी या मुलखात कोणी मिरची चाखली नव्हती.

पाव हा शब्द तर सरळ पोर्तुगीज आहे. पण पावाची खरी गंमत पुढेच आहे. यीस्ट विकत मिळत नव्हते, तेव्हा पीठ फुगवायचे कशाने? किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याला ताडी वापरली. ताडीत आंबवणारे सूक्ष्म जीव आपसूक असतात. पिठात तिचा थोडा भाग मिसळला की रात्रभरात पीठ वर येते. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांत सणाला होणारे फुगे आणि सांदणे या रीतीचेच. फुग्याचे पीठ अंडे व नारळाचे दूध घालून सैल भिजवतात, आंबू देतात आणि मग मुठीतून अंगठा व तर्जनी यांच्या फटीतून गोळा दाबून कढत तेलात सोडतात. तो चेंडूसारखा टरारून फुगतो, म्हणून फुगा. त्याच्याबरोबर इंद्याल हवे.

या इंद्यालाची कथा सांगण्याजोगी आहे. पोर्तुगीज खलाशी लांबच्या प्रवासात मांस टिकावे म्हणून ते वाईन किंवा वाईनचा शिरका आणि लसूण यांत मुरवून ठेवीत. लसणीला त्यांच्या भाषेत ‘आल्यो’ म्हणतात. हिंदुस्थानात वाईन कुठली? म्हणून तिच्या जागी ताडामाडाच्या रसाचा शिरका आला, काळ्या मिऱ्याबरोबर लाल मिरची आली, आणि त्या पदार्थाचे नाव गोव्याकडे विंदालू व इकडे इंद्याल असे झाले. पुढे उत्तरेकडच्या आचाऱ्यांनी त्यातल्या ‘आलू’चा अर्थ बटाटा असा लावला आणि बटाटे घातले! शब्दाचा अर्थ चुकला की आमटीचा पाक बदलतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच घरांतला बाटली मसाला म्हणजे उन्हाळ्याचे मोठे कार्य. चैत्र-वैशाखात मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, वीसाहून अधिक जिनसा वेगवेगळ्या भाजायच्या, उखळात कुटायच्या आणि गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत काठीने ठासून भरायच्या. काच गडद का? तर उजेडाने मसाल्याचा रंग उडतो आणि वास जातो. ठासायचे का? तर आत हवा राहिली की मसाला बिघडतो. शास्त्र शिकवायला कोणी आले नव्हते, पावसाळ्याने शिकवले.

एक खुलासा मात्र इथेच केला पाहिजे. वसईचा ख्रिस्ती म्हणजे एकच समाज, अशी बाहेरच्यांची समजूत असते. ती बरोबर नाही. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, यांची बोली, पोशाख आणि स्वयंपाक वेगळा, वाडवळ ख्रिस्त्यांचा वेगळा, कोळ्यांचा वेगळा. शिवाय हिंदू सामवेदी, वाडवळ, भंडारी, आगरी, आणि डोंगराकडचे वारली. दहा मैलांच्या टापूत इतकी चुलाणी पेटतात. म्हणूनच इथे जेवायला यायचे.

वाडीतले पान

किल्ल्याकडून उत्तरेला गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल या वाटेने निघाले की वाडी लागते. वाडी म्हणजे वसईचे खरे भोजनगृह. वर नारळ, त्याखाली केळ, केळीच्या सावलीत पानवेल, कडेला भाजी, असा मजल्यामजल्यांचा संसार. पूर्वी या वाड्यांना बैलाच्या रहाटाने पाणी दिले जाई; रहाटाच्या कुरकुरीने इकडच्या पहाटा होत.

या वाडीचा मुकुटमणी म्हणजे सुकेळी. नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, पण चव थोड्यांनाच ठाऊक. राजेळी जातीचे जाड, लांब केळे पुरे पिकवायचे, सोलायचे आणि पाऊस संपल्यावरच्या कोरड्या दिवसांत मांडवावर उन्हात मांडायचे. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी झाकायचे, सकाळी पुन्हा उघडायचे. असे काही दिवस केले की केळ्यातले पाणी उडते, साखर एकवटते आणि रंग मधासारखा होतो. पाणी कमी झाल्यामुळे बुरशीला तिथे जगता येत नाही. म्हणून साखर न घालता, औषध न घालता सुकेळी टिकते. वाळलेल्या सोपटात बांधलेली तिची पुडी हातात घेतली की केळीचेच वस्त्र नेसून केळे भेटायला आले असे वाटते. आगाशीच्या सुकेळीची वाखाणणी एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटिअरनेही केली आहे, आणि कार्तिकात भरणाऱ्या निर्मळच्या यात्रेत ती आजही शोधावी. शोधावी असे म्हणतो. कारण राजेळीची लागवड कमी झाली, उन्हात राबणारे हात कमी झाले आणि ऐन वाळवणीत एखादा अवकाळी पाऊस आला की सारा माल फुकट जातो.

हिवाळ्यात गेलात तर वाडवळांच्या घरची उकडहंडी चुकवू नका. कंद, कोनफळ, रताळे, वालाच्या शेंगा असे जमिनीच्या वरचे आणि खालचे सारे एका हंडीत मसाला लावून रचतात आणि पाणी न घालता मंद आचेवर आपल्याच वाफेत शिजू देतात. सुरतेकडच्या उंबाड्याची ही चुलत बहीण. हा पदार्थ हॉटेलच्या पाटीवर क्वचितच आढळतो. हंडी घराला धरून असते. म्हणून वसईत जेवायचे तर ओळख काढावी, आधी कळवावे, जे घर पाहुण्यांना पैसे घेऊन जेवू घालते तिथे बसावे आणि आज वाडीत काय निघाले आहे हे विचारूनच पान मांडायला सांगावे. बाराही महिने एकच यादी दाखवणाऱ्या ठिकाणी वाडी जेवायला मिळत नाही.

बंदर आणि खाणावळ

वाडीचा शेजारी समुद्र. पाचूबंदर आणि अर्नाळा इथे बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. ताजा बोंबील अंगाने इतका पाणचट असतो की लांबच्या बाजारापर्यंत तग धरत नाही; वारा आणि ऊन यांनी त्याला प्रवासयोग्य केले. सुकेळीचा आणि बोंबलाचा न्याय एकच. ज्या गावाला बर्फ नव्हते, त्या गावाने उन्हाला कोठीघर केले.

पापलेटचे नाव काढले की सातपाटी आठवते. सातपाटीच्या बाजूचे भुजणे, म्हणजे कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि तेल यांत, जवळजवळ पाण्यावाचून शिजवलेले पापलेट, ही किनाऱ्याची साधी आणि श्रेष्ठ पाककृती. परंतु पापलेट कमी होत चालले आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले, त्यामागे हा गौरव जितका आहे तितकीच काळजीही आहे. पोटात अंडी घेण्याच्या वयाआधीच लहान पापलेट जाळ्यात येते आणि बाजारात विकलेही जाते. ताटात तळहाताएवढे पापलेट आले तर ते कोवळे म्हणून कौतुक करू नका. ते पुढच्या सालचे बियाणे आहे.

आता खऱ्या अर्थाने गावच्या खाणावळीचा पदार्थ. आगाशीला जाऊन भुजिंग न खाता परतणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच परतणे. कोंबडीचे तुकडे मसाला लावून निखाऱ्यावर भाजतात आणि मग कांदा, बटाटा, मिरची-कोथिंबिरीचा मसाला यांच्यासह पोह्यांत परततात. कोंबडी आणि पोहे हा जोडा ऐकायला विचित्र वाटतो. पण विचार केला तर पोह्यांचे तिथे कामच आहे. भाजलेल्या मांसाचा रस आणि तेल जे पानात वाया जायचे, ते पोहे पिऊन घेतात. धुराचा वास, मिरचीचा ठसका आणि पोह्यांची कुरकुर असे तिन्ही एका घासात येते. हा पदार्थ राजाच्या मुदपाकखान्यातून आला नाही, पुस्तकातूनही आला नाही. आगाशीत जन्मला, तिथेच नावारूपाला आला आणि आता सबंध तालुक्यात त्याच्या पाट्या लागल्या आहेत. लहान गाव असा एक पदार्थ जगाला देते तेव्हा त्याची नोंद झाली पाहिजे.

ताड आणि माड

परदेशातल्या सहलीत वाईन असते, तर इकडे काय, असे तुम्ही विचाराल. मद्याची महती गायला मी उभा नाही. पण ज्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे ताडामाडाचा रस काढला गेला, तिथल्या अन्नाची गोष्ट त्याला वगळून सांगणे म्हणजे आमटी सांगून फोडणी गाळण्यासारखे होईल.

ताडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला बांधतात, हलके ठोकतात आणि रोज त्याचे टोक धारदार कोयत्याने पातळ कापतात. तिथून रस थेंबथेंब मडक्यात पडतो. सूर्य वर येण्यापूर्वी उतरवलेली ती नीरा. गोड आणि निरुपद्रवी. ऊन चढले की हवेतले यीस्ट तिच्यात काम करू लागते, साखरेचे मद्य होते आणि दुपारपर्यंत तीच ताडी होते. माडाचा रस म्हणजे माडी. आणखी काही दिवस ठेवली की दुसरे जंतू मद्याचे आम्ल करतात, तोच शिरका. एकच रस, सकाळी पेय, दुपारी मद्य, आणि पुढे लोणच्या-इंद्यालाला शिरका. पावाला यीस्ट तर वाटेतच मिळून जाते. एवढा काटकसरी उद्योग दुसरा दाखवता येईल का?

हा उद्योग मुख्यतः भंडारी समाजाचा. त्याला पहिला धक्का १८७८ च्या आबकारी कायद्याने बसला. झाडागणिक कर आणि परवाने आले, आणि स्वतःच्या दारातले झाड छेदण्याचा हक्क सरकारकडून विकत घ्यावा लागू लागला. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये राज्यभर पूर्ण दारूबंदी अमलात आली. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली त्यांना या कायद्यामागची तळमळ समजते. पण गिरणगावातली हातभट्टी आणि भंडाऱ्याचे मडके यांत कायद्याने पुरता फरक केला नाही, हेही खरे. नंतरच्या काळात निर्बंध सैल झाले, तरी झाडावर चढणारे हात परतले नाहीत. मुलगा शिकला आणि लोकलने कचेरीला गेला, यात त्याचा दोष नाही. पण पोकळी भरायला भेसळ आली. पाण्यात क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायन मिसळून ताडी म्हणून विकण्याचे प्रकार या भागात वारंवार पकडले गेले आहेत. म्हणून खवय्याला माझा सल्ला असा की, झाड दिसत नसेल तिथली ताडी पिऊ नये. पहाटे उठून परवानाधारक केंद्रावरची ताजी नीरा प्यावी. ती पिऊन कोणाचेही घर मोडलेले नाही.

चिकूची वाईन

दुसऱ्या दिवशी डहाणूला उतरून घोलवड-बोर्डीकडे वळावे. इथे वाडीचा रंग बदलतो. नारळ-केळीच्या जागी चिकूचे गर्द हिरवे मळे लागतात. चिकूही मूळचा मध्य अमेरिकेचा. पण या मातीला तो असा मानवला की २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक उपदर्शन मिळाले. पुढे बहाडोलीच्या जांभळालाही ते मिळाले. भौगोलिक उपदर्शन म्हणजे काय? फ्रान्सने १९३५ साली कायदा करून ठरवले की अमुक गावच्या द्राक्षाची वाईन असेल तरच तिला त्या गावचे नाव लावता येईल. चव ही जातीइतकीच जागेची असते, हे तत्त्व त्यामागे आहे. आपल्याकडे तसा कायदा १९९९ साली झाला. म्हणजे घोलवडच्या चिकूची गोडी ही घोलवडची मालमत्ता आहे, असे सरकारने कागदावर मान्य केले.

चिकूची अडचण एकच. तो झाडावर दिमाखाने लटकतो, पण उतरवून पिकला की चार-पाच दिवसांत मऊ पडतो. भरहंगामात माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. मग वाळवून चकत्या करा, पूड करा, लोणचे करा, असे नाना उपाय इथल्या बागाईतदारांनी केले. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात वाईनची भर पडली. बोर्डीला चिकूपासून वाईन करणारी वायनरी निघाली. द्राक्षाची वाईन म्हटले की आपल्याला नाशिक आणि नारायणगाव आठवते, आणि २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखल्यापासून तो धंदा वाढला, हे खरे. परंतु चिकूची गोष्ट वेगळी. द्राक्षात साखर आणि आम्ल यांचा तोल निसर्गानेच साधलेला असतो; चिकूत साखर भरपूर, आम्ल अगदी थोडे आणि गर दाट. नुसता आंबवला तर तो बेचव लागेल. करणाऱ्याला आम्लाचा तोल आपल्या कौशल्याने सांभाळावा लागतो. म्हणून या पेल्याकडे परदेशी वाईनची नक्कल म्हणून पाहू नये. सुकेळी, वाळलेला बोंबील आणि शिरका यांच्या पंक्तीतच तिला बसवावे. नासणारे फळ टिकवण्याची ही तीच जुनी धडपड आहे. ज्यांना ती घ्यायची असेल त्यांनी कायदा आणि प्रकृती सांभाळून घ्यावी. ज्यांना नको त्यांच्यासाठी मळ्यातला ताजा चिकू आहेच, आणि तो काही कमी नव्हे.

याच भागात इराणी आणि पारशी बागाईतदारांची वस्ती आहे. त्यामुळे एकाच रस्त्यावर एका घरी अंड्याचे पारशी जिन्नस, दुसरीकडे वारल्यांची नाचणीची भाकर आणि तिसरीकडे भंडाऱ्याचे कालवण मिळते. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आखले. मळ्यातच राहून मळ्यातलेच जेवण्याची सोय करणारे शेतकरी आता सापडतात. सहलीची दुसरी रात्र अशा ठिकाणी काढावी.

बावखल

आता तो राखून ठेवलेला प्रश्न.

वसईची वाडी समुद्राला इतकी लागून असताना तिच्या विहिरी गोड्या कशा? याचे उत्तर मोठे सुंदर आहे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा थोडे हलके असते. पावसाचे पाणी वाळूमिश्रित जमिनीत मुरले की ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. एखाद्या भिंगासारखे, मध्ये जाड आणि कडेला पातळ. शास्त्राचे गणित असे की, हे गोडे पाणी समुद्रसपाटीपेक्षा १ फूट वर उभे असेल, तर त्याच्याखाली सुमारे ४० फूट खोल गोडे पाणीच मिळते. पण हाच हिशेब उलटाही चालतो. उपशाने वरची पातळी १ फूट उतरली की कालांतराने खालून खारे पाणी ४० फूट वर चढू पाहते.

वसईच्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते, पण त्यांनी त्याप्रमाणे वागून दाखवले. त्यांनी वाडीवाडीत बावखले खणली. बावखल म्हणजे विहिरीहून उथळ, तळ्याहून लहान असे पाण्याचे खाचर. पावसाळ्यात ते भरते, वर्षभर वाडीला पाणी देते आणि त्याच वेळी जमिनीतही पाणी मुरवत राहते. देणे आणि घेणे दोन्ही एका खड्ड्यात. रहाटाचा बैल दमत असे, हीच उपशावरची मर्यादा होती. वीजपंप दमत नाही.

पुढची हकिगत तुम्हांला ठाऊक आहे. मुंबई वाढली आणि वसई-विरारकडे सरकली. १९८० च्या दशकात टँकरने वसईचे गोडे पाणी उपसून नेले जाऊ लागले, वाड्यांवर इमारतींची आखणी झाली. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. हिंदू-ख्रिस्ती, वाडवळ-कुपारी सारे त्यात उतरले. हेच दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; २०२४ साली ते निवर्तले. चळवळीने पश्चिम पट्ट्यातली बरीच हिरवाई राखली. पण २००९ साली महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १२ लाखांच्या पुढे गेली, आणि भराव टाकून बुजवलेली बावखले परत उघडणे सोपे राहिले नाही. शहराला धरणाचे पाणी मिळते. वाडीला मात्र स्वतःच्या जमिनीतलेच पाणी लागते.

भुईगावच्या बाजूला एका वाडीत मी केळी पाहत उभा होतो. पाने कडेने करपलेली दिसली, म्हणून सहज विचारले, “आजी, रोग पडला का?” म्हातारी म्हणाली, “रोग नाय बाबा, पाणी खारं झालंय. आता केळं गोड कुठनं यायचं?” यापेक्षा नेमके भूशास्त्र मला कोणी सांगितलेले नाही.

तेव्हा प्रश्न असा आहे. आपण मुंबईची माणसे वसईला जेवायला जाणार. जाणाऱ्यांसाठी विश्रामस्थाने उठणार, त्यांत पोहण्याचे तलाव होणार, हिरवळी होणार. आणि त्यांना लागणारे गोडे पाणी जर त्याच भिंगातून उपसले गेले, तर ज्या चवीसाठी आपण गेलो तीच आपल्या जाण्याने नाहीशी होणार. उलट, आपण वाडीत पिकलेले तिथेच बसून खाल्ले आणि त्याचा रास्त दाम दिला, तर वाडी राखणाऱ्याला वाडी विकण्याची घाई होणार नाही. त्याच्यापुढे आज दोन हिशेब आहेत. एक बिल्डरचा, एकगठ्ठा. दुसरा केळीचा, पानाचा, फुलांचा, रोजचा आणि कष्टाचा. दुसऱ्या हिशेबात चार आणे वाढवणे खवय्याच्या हातात आहे. सगळा प्रश्न त्याने सुटेल असे मी म्हणत नाही. भराव थांबवणे, बावखले गाळ काढून जिवंत करणे, उपशावर लक्ष ठेवणे ही कामे नगरपालिकेची आणि नागरिकांचीच. काही गावांत तरुण मंडळी बावखले साफ करीत आहेत. त्यांना हातभार लावणे हाही सहलीचा एक कार्यक्रम होऊ शकेल.

म्हणून निघताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. पाहुणे म्हणून जा. यादी पाहून मागू नका, वाडीत काय आहे ते विचारा. उतरण्याची जागा निवडताना खोलीच्या गारव्याआधी तिथले पाणी कुठून येते, याची चौकशी करा. लहान मासा नाकारा. आणि परतताना सुकेळीची एक पुडी घ्या, घासाघीस न करता. तिच्यात एका कुटुंबाचे कितीतरी दिवसांचे ऊन बांधलेले असते.

घरी पोचल्यावर ती पुडी सोडा आणि मुलाबाळांना एकेक तुकडा द्या. हे केळे कुठले, म्हणून ती विचारतील. तेव्हा गाव सांगा, आणि त्याबरोबर तिथल्या पाण्याचीही गोष्ट सांगा.